एका मताचा धनी

आयर्लंडला जाऊन काय पाहिलेत, असे कोणी विचारले म्हणजे मी हिरवी कुरणे, दगडी कुंपणे आणि समुद्रात घुसलेले काळे कडे यांचे वर्णन करू लागतो. ऐकणाऱ्याला तेच हवे असते. पण खरे सांगायचे तर माझ्या मनात तिथली घर करून राहिलेली वस्तू म्हणजे एक चौकड्याची टोपी. तीही मी डोळ्यांनी पाहिली नाही; पाहिले ते तिचे छायाचित्र.

२०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा भाचा कॉर्क शहरी औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. "मामा, आता निवृत्त झालात, गुडघे ठीक आहेत तोवर येऊन जा," असा त्याचा लकडा. शेवटी गेलो. एका रविवारी त्याने आपल्या मोटारीत घालून पश्चिमेकडे केरी परगण्यात नेले. मॅक्रूम सोडले, डोंगर जवळ आले आणि रस्ता अरुंद झाला. एका ओढ्याच्या काठाकाठाने जाताना किलगार्व्हन नावाचे खेडे लागले. एकच मुख्य रस्ता आणि त्याच्या दोहों बाजूंना रंगीत घरे. आपल्याकडे एखाद्या घाटाच्या पायथ्याशी एस्टी पाच मिनिटे थांबते, तेवढेच गाव.

"मामा, हे गाव नीट पाहून घ्या. या गावाने एकेकाळी सगळ्या देशाचे सरकार तोलून धरले होते," भाचा म्हणाला. त्याच्या बोलण्यात कौतुकापेक्षा चीडच अधिक होती.

पुढे केनमेअरला चहाला थांबलो. दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्रातले एक जुने कात्रण चौकटीत लावलेले. त्यात एक म्हातारा गृहस्थ, डोक्यावर चौकड्याची चपटी टोपी, खाली पांढऱ्या केसांच्या बटा आणि डोळ्यांत मिस्किल हसू. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकीणबाई माझ्या नजरेकडे पाहून म्हणाल्या, "तो आमचा जॅकी."

यंत्राच्या मागून मते

जॅकी हीली-रे याचा जन्म ९ मार्च १९३१ चा, किलगार्व्हनजवळच्या एका डोंगरवाडीत. त्या भागात हीली आडनावाची घरे उदंड. पोस्टमनने पत्र कोणाला द्यायचे? म्हणून वाडीच्या नावातला 'रे' आडनावाला चिकटला. आपल्याकडे पाटलांच्या गावात 'वरच्या आळीचे पाटील' म्हणतात ना, तसेच. घरी सहा भावंडे, हा थोरला, आणि जमीन लहान नि दगडाळ. शाळा लवकरच सुटली. तरुणपणी काही काळ अमेरिकेचे पाणी चाखून आला, परत गावी स्थिरावला, नाचाच्या कार्यक्रमांत सॅक्सोफोनही वाजवीत असे.

मग त्याने धंदा धरला तो यंत्रांचा. माती उकरणारी, खडक फोडणारी अवजड यंत्रे घ्यायची आणि भाड्याने द्यायची. जेसीबी आज आपल्याकडे खेड्यापाड्यांत दिसतो. त्या काळी केरीच्या डोंगरात असे यंत्र म्हणजे नवलच. १९६९ साली त्याने गावात दारूचा गुत्ताही काढला. आयर्लंडात गुत्ता म्हणजे चावडी, टपाल आणि लग्न जुळवण्याची जागा, सारे एकच. त्यात कमीपणा कोणी मानीत नाही.

या दोन धंद्यांत त्याचे राजकारण दडलेले आहे, असे मला वाटते. यंत्र भाड्याने देणारा माणूस दुसऱ्याच्या अंगणात शिरतो. कोणाच्या शेतात पाणी तुंबते, कोणाच्या घराचा पाया खचला, कोणत्या वाडीच्या रस्त्यावर गाडी रुतते, हे त्याला कागदावरून वाचावे लागत नाही. यंत्राच्या पात्याखाली ते त्याला दिसते. संध्याकाळी तीच माणसे गुत्त्यात येऊन राहिलेले गाऱ्हाणे सांगतात. मतदारयादी अशी पाठ होते, आणि कुठल्याही पक्षाच्या कचेरीत ती तशी पाठ होत नाही.

पक्ष मात्र त्याला होता. फियाना फॉल हा तिथला जुना, बलाढ्य पक्ष. जॅकी त्याचा निष्ठावंत कार्यकर्ता. १९७३ साली तो कौंटी कौन्सिलवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या सभेवर गेला. निवडणुकीत दुसऱ्याला निवडून आणण्यात त्याचा हातखंडा. कोणत्या घरी आधी जावे, कोणाला प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात गाठावे, ही सारी विद्या त्याला अवगत. पण १९९७ ची सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा त्याने स्वतःसाठी उमेदवारी मागितली, आणि पक्षाने ती दिली नाही. वय सहासष्ट. आपल्याकडे या वयात माणूस देवळाच्या विश्वस्त मंडळावर जातो. जॅकीने टोपी घातली आणि अपक्ष उभा राहिला.

आणि निवडून आला! आपल्याला सामान्य लोकांनी निवडून दिले, असे तो म्हणाला. सामान्य म्हणजे कोण, असे विचारता त्याने सांगितले, की जे दुपारच्या वेळी जेवतात ते. शहरातला साहेब मुख्य जेवण रात्री घेतो. शेतावर राबणाऱ्याला ते भर दुपारी लागते. एका वाक्यात त्याने देशाचे दोन भाग पाडून दाखवले. शहरातले लोक हसले; केरीतल्या लोकांनी ते वाक्य जपून ठेवले.

तीन माणसे कमी

आता योगायोग पाहा. आयर्लंडच्या लोकसभेला 'डॉल' म्हणतात. तिच्या तेव्हा १६६ जागा. बर्टी आहर्न यांच्या फियाना फॉलला मिळाल्या ७७. मित्रपक्ष प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सला ४. बेरीज ८१. बहुमताला हवेत ८४. तीन माणसे कमी! डॉनेगलचे हॅरी ब्लेनी, विक्लोच्या मिल्ड्रेड फॉक्स आणि केरीचा आमचा टोपीवाला, अशा अपक्षांच्या खांद्यावर आहर्न यांचे सरकार उभे राहिले. ज्या पक्षाने उमेदवारी नाकारली, त्याच पक्षाचा पुढारी आता त्याच्या दाराशी! जॅकीने पाठिंबा दिला, पण आपल्या भागाच्या कामांची यादी पुढे ठेवून. ते सरकार पुरी पाच वर्षे टिकले. २००२ साली आणि पुन्हा २००७ साली लोकांनी त्याला निवडून दिले.

हे घडते कसे, असा प्रश्न मला पडला. आपल्याकडेही अपक्ष निवडून येतात. १९९५ साली आपल्या विधानसभेत ४५ अपक्ष होते आणि सरकार बनवताना त्यांचे मोल केवढे वाढले, हे पुष्कळांना आठवत असेल. पण आयर्लंडात अपक्षाला निवडणुकीची पद्धतच हात देते. तिथे एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडतात. मतदार फुली मारीत नाही. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. तीन जागा असतील तर एक चतुर्थांशाहून एक मत अधिक मिळवणारा निश्चित निवडून येतो. त्याची जास्तीची मते पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना जातात. जो तळाला राहतो तो बाद होतो आणि त्याचीही मते अशीच वाटली जातात. म्हणजे पक्षाला एक क्रमांक देऊन शेजारच्या ओळखीच्या माणसाला दोन क्रमांक देता येतो. मत वाया जात नाही.

ही पद्धत आपल्यालाही परकी नाही. पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेसाठी ज्यांनी मत दिले आहे, त्यांनी हेच आकडे लिहिले आहेत. राज्यसभा आणि राष्ट्रपती यांची निवडणूकही अशीच होते. आयर्लंडात ती मोडून टाकावी म्हणून फियाना फॉलच्या सरकारने १९५९ आणि १९६८ असे दोनदा जनमत घेतले. दोन्ही वेळा जनतेने नकार दिला.

मामा-भाच्याचे भांडण

"मामा, तुम्ही त्या टोपीवर भाळलात," परतताना भाचा म्हणाला. "अहो, मी इथे कर भरतो. देशाचा पैसा गरजेप्रमाणे खर्च व्हावा, की कोणाचे मत अडले आहे ते पाहून? त्याच्या भागात रस्ता झाला, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी भागातला राहिला. तिथे टोपीवाला नव्हता हा त्या लोकांचा गुन्हा?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. डब्लिनच्या वर्तमानपत्रांनीही हेच लिहिले होते. शिवाय पुढची हकीकत जॅकीला फारशी शोभेची नाही. २००८ साली आयर्लंडच्या बँका कोसळल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये देशाला युरोप आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्यापुढे हात पसरावा लागला. डिसेंबरात काटकसरीचे कडक अंदाजपत्रक आले, त्यालाही त्याने पाठिंबा दिला. दुपारी जेवणाऱ्यांच्या ताटातलेच काही कमी झाले. एक रस्ता मिळवणाऱ्या मताला देशाचे दिवाळे अडवता येत नाही, हे तेव्हा दिसून आले.

तरीही २०११ साली काय झाले? फियाना फॉल अवघ्या २० जागांवर आला. जॅकी निवृत्त झाला; पण त्याचा मुलगा मायकेल त्याच भागातून अपक्ष म्हणून निवडून आला. २०१६ साली केरीतून मायकेल आणि डॅनी हे दोघे भाऊ एकदम डॉलमध्ये गेले. मायकेलला पहिल्या पसंतीची मते वीस हजारांहून अधिक! ते पाहायला म्हातारा नव्हता. ५ डिसेंबर २०१४ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तो वारला.

चहाच्या दुकानातल्या बाईंना मी भाच्याचाच प्रश्न विचारला होता. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, यादी नेहमी डब्लिनला तयार होते. आमचे नाव तिच्या शेवटी. आम्ही रांग मोडली म्हणता. पण रांग लावली कोणी?"

या वाक्याने मी गप्प झालो. का, ते भाच्याला सांगितले नाही, तुम्हाला सांगतो.

माझी सारी नोकरी रस्ते आणि पूल यांच्या सरकारी खात्यात गेली. यादी तयार करणारा मीच. सह्याद्रीच्या उतारावर एक वाडी होती, साठ-पासष्ट मतांची. मध्ये ओढा. पावसाळ्याचे चार महिने तो भरून वाहायचा आणि पोरांची शाळा बंद. लोकांनी साकव मागितला. पूल नव्हे, पायी जाण्यापुरता साकव! एक म्हातारा दर वर्षी मृगाच्या आधी अर्ज घेऊन येई, टोपी काढून उभा राही. मी नियमाने काम केले. लोकसंख्या, रहदारी, खर्च असा हिशेब मांडला आणि दर वर्षी तो साकव यादीत एक्केचाळीसावा नाहीतर त्रेचाळीसावा आला. पैसे तिसाव्या कामाला संपत. मी लाच घेतली नाही, कोणाचा वशिला मानला नाही, याचा मला अभिमान होता. पण साठ मतांसाठी तिथे कोणी पुढारीही फिरकला नाही. सहाव्या वर्षी म्हातारा आला नाही, आणि मला बरे वाटले, की एक अर्ज कमी झाला. हे बरे वाटणे आता मला टोचते.

म्हणजे जॅकी बरोबर आणि भाचा चूक, असे का? नाही. प्रत्येक साकवासाठी सरकार अडवून धरणारा एकेक माणूस निघाला, तर देश चालायचा नाही. पण ज्या यादीत एक्केचाळीसावा क्रमांक कायम एक्केचाळीसावाच राहतो, ती यादी नियमाप्रमाणे असूनही न्यायाची नसते. केरीतल्या लोकांनी त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला, आणि तो उपाय चौकड्याची टोपी घालून डब्लिनला गेला. तो उपाय महागडा होता, दुसऱ्याच्या खिशातून झाला, हेही मान्य. मात्र तो बेकायदा नव्हता. मतपत्रिकेवर आकडे लिहून त्यांनी तो मिळवला.

तो साकव मी निवृत्त झाल्यावर झाला म्हणे. कोणी केला, कोणाच्या पैशाने केला, मी चौकशी केली नाही. ही दिवाळी झाली, ओढ्याचे पाणी उतरले, की एकदा त्या वाडीला जाऊन त्यावरून पलीकडे चालत जाणार आहे. म्हाताऱ्याच्या घरचे कोणी भेटले तर काय बोलायचे, ते मात्र अजून ठरलेले नाही.