बोटावरची गाठ

'गाठ' हा शब्द कानी पडताच आपल्या मनात कर्करोगाची शंका येते. परंतु बोटावर सावकाश वाढणारी, घट्ट, न दुखणारी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. आपली बोटे वाकतात ती कंडरांच्या ओढीने. या दोऱ्यांभोवती वंगण पुरवणारे पातळ आवरण असते. त्यातून उद्भवणाऱ्या एका गाठीत अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी आढळतात. म्हणून तिला 'महापेशी अर्बुद' म्हणतात. तिशी ते पन्नाशीत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, ती अधिक दिसते.

हिच्यातील मोजक्याच पेशी मुळात बिघडलेल्या असतात. त्या एक रसायन सोडून भक्षक पेशींची गर्दी जमवतात. म्हणजे घर लहान आणि पाहुणेच फार!

मनगटावरच्या पाण्याच्या गाठीतून विजेरीचा उजेड आरपार दिसतो, हिच्यातून दिसत नाही. तेवढ्याने घाबरू नये. खात्री सूक्ष्मदर्शकच देतो. ही गाठ सहसा शरीरात अन्यत्र पसरत नाही, पण अंश मागे राहिल्यास तिथेच पुन्हा वाढू शकते. म्हणून ती चोळू नये, डागू नये. शस्त्रवैद्याकडून समूळ काढवून तपासून घ्यावी.