दादा केळुसकरांनी दिलेले पुस्तक

वर्षावास सुरू झाला की जुन्नर-आंबेगावकडच्या विहारांत संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. शेतातून घरी येऊन, हातपाय धुऊन, चिखलाची वाट तुडवीत आयाबाया येतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचन बहुधा सिद्धार्थाच्या कुळापासून आणि जन्मापासून सुरू होते. पण या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती, ती आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात नव्हती. पुढे १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. त्या थोड्याशा पानांत बाबासाहेबांनी एका माणसाचे ऋण फेडले आहे. त्या माणसाचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर. बाबासाहेब त्यांना दादा केळुसकर म्हणत.

केळुसकर १८६० साली जन्मले. माणूस तळकोकणातला, वेंगुर्ल्याकडचा. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. भीमराव मात्र एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी, म्हणजे दादा काही त्यांचे वर्गशिक्षक नव्हेत. परळच्या चाळीत सुभेदार रामजींचे सारे बिऱ्हाड एका खोलीत. अभ्यासाला जागा नाही. म्हणून शाळा सुटली की हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन पुस्तक उघडून बसे. दादाही त्या बागेत येत. रोज एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, जवळ जाऊन विचारपूस केली, आणि मग त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. धनंजय कीरांच्या चरित्रात ही हकीगत आहे.

पुढची गोष्ट खुद्द बाबासाहेबांनी सांगितली आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले, तेव्हा समाजातल्या लोकांना वाटले की आपल्यातला पहिलाच मुलगा इतका शिकला, त्याचा सत्कार करू या. मंडळी सुभेदारांकडे गेली. सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराने एक परीक्षा दिली, त्यात एवढे काय? उगाच डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले आणि दादांकडे गेले. दादा हे सुभेदारांचे स्नेही. त्यांनी रदबदली केली, थोडा वाद घातला, तेव्हा कुठे सुभेदार वळले. सभा झाली, अध्यक्ष दादाच होते. भाषण संपताना त्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती भेट म्हणून ठेवले. हे चरित्र १८९८ सालचे.

कीरांनी हा सत्कार १९०७ सालचा, मॅट्रिकनंतरचा, आणि सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले असे दिले आहे. ज्याने ते पुस्तक हातात घेतले त्याच्याच लेखणीला धरून आम्ही येथे चालतो. पुस्तक कोणी दिले, याविषयी मात्र दोन्हीकडे एकच नाव आहे.

आता सुभेदारांचा नकार ऐकून कोणी त्यांना कठोर म्हणेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलाला पुस्तक हवे झाले की हा बाप लग्न झालेल्या मुलींच्या दारी जाई, उसने पैसे मागे, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकी, पण पुस्तक आणीच. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनला उठून मुलाला अभ्यासाला जागे करी. असा बाप क्वचितच कोणाला मिळतो. पण जो बाप मुलासाठी रक्त आटवतो त्याला मुलाचे कौतुक चारचौघांत करता येत नाही, हे आपल्या घरांतही पाहावे. दृष्ट लागेल, पोर शेफारेल, लोक हसतील अशी त्याला भीती असते. अशा वेळी बापाच्या बरोबरीचा, बापाने मान राखावा असा दुसरा एखादा माणूस लागतो. तो बापाची जागा घेत नाही. बापाला जे बोलता येत नाही, तेवढे तो बोलतो.

पुस्तक घरी आले आणि त्याने घरात प्रश्न आणला. मुलाने ते वाचले, भारावला, आणि वडिलांना विचारले की तुम्ही आम्हांला रामायण-महाभारत का वाचायला लावता? त्यांत थोरवी ब्राह्मण-क्षत्रियांची; शूद्र-अस्पृश्यांच्या वाट्याला अपमानच. सुभेदारांना प्रश्न रुचला नाही. लहान आहात, सांगितले तेवढे करा, असे म्हणून त्यांनी विषय तोडला. घरात त्यांच्यापुढे बोलण्याची कोणाची टाप नव्हती. पण आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेले हे धाकटे पोर. त्याला थोडी सवलत होती. काही दिवसांनी त्याने पुन्हा तेच विचारले. या वेळी सुभेदार उत्तर तयार ठेवून होते. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात कमीपणा बसेल. द्रोण, कर्ण हे लहान माणसांतून केवढे वर चढले ते पाहा. वाल्मीकी कोळी होता आणि रामायणाचा कर्ता झाला. यासाठी वाचायला सांगतो, असे त्यांनी सांगितले. मुलाला त्यात तथ्य दिसले, समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्यातले आपल्याला काय आवडत नाही ते त्याने सरळ सांगितले. सुभेदार गप्प राहिले. घरात बंड उभे राहिले आहे, हे त्यांनी ओळखले होते.

भगिनींनो, त्या गप्प राहण्याकडे जरा पाहा. सुभेदारांनी पुस्तक काढून घेतले नाही. मित्राने पोराला बिघडवले म्हणून दादांशी वैरही धरले नाही, कारण पुढेही दादांचे येणेजाणे राहिले. भीमराव इंटर झाले आणि सुभेदारांची ऐपत संपली, तेव्हा त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे नेले ते दादांनीच. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू, असे महाराजांनी मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या एका सभेत जाहीर केले होते. दादांनी तो शब्द लक्षात ठेवला. महाराजांनी चार प्रश्न विचारले, उत्तरे पसंत पडली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यावर बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला रवाना झाले.

वडील गेल्यावरही दादा होतेच. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला जायचे, पण राहायचे कोठे? दादांनी तिथल्या एका परिचित प्राध्यापकाला पत्र घालून सोय लावली. भीमराव बडोद्याच्या स्टेशनावर उतरले तो चिठ्ठी हातात पडली की घरच्या मंडळींना चालत नाही, येऊ नये. सगळा भला माणूस मुंबईत बसून जेवढे करू शकतो तेवढे दादांनी केले. जात त्यांच्या पत्राने हटणारी नव्हती.

आपल्या जुन्नरकरांना दादांचा आणखी एक धागा माहीत असावा. बुद्धचरित्र लिहिणाऱ्या याच लेखकाने पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले. त्याच्या आधारे ताकाखाव यांनी केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली निघाला. महाराजांचा जन्म शिवनेरीचा, आणि त्याच शिवनेरीच्या कड्यात भिक्खूंच्या राहण्याची लेणी आहेत. दादांची दोन्ही पुस्तके एकाच डोंगरावर येऊन भेटतात, असे म्हटले तर चुकणार नाही. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी धरून जुन्नरभोवती दोनशेच्या आसपास लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत राजांची स्तुती फारशी नाही. कोणी काय दिले एवढेच आहे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षे होत आली, त्या यवनांची नावे दगडावर आहेत. टाकी खोदवून घ्यायला पैसा लागला असेल. दादांनी तर आपल्याच लिखाणाची एक प्रत दिली.

दादा केळुसकर १९३४ साली वारले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली. ती ऐकायला ते नव्हते. मुलाच्या हाती ठेवलेले पुस्तक कोठवर गेले, हे त्यांना कधी कळले नाही. पण बाबासाहेब विसरले नाहीत. २८ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत नायगावला, पुरंदरे स्टेडियममध्ये त्यांचा सत्कार झाला. तेथे आपले तीन गुरू सांगताना, पहिले गुरू बुद्ध कसे लाभले हे सांगायला त्यांनी दादांचेच नाव काढले. दादांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. आणि १९५६ साली, शरीर थकलेले असताना, आयुष्याच्या शेवटच्या ग्रंथाची प्रस्तावना लिहायला घेतली, तर तीत त्या सभेची गोष्ट सांगितली. सुभेदारांचा नकार आणि त्यांचे मौनही त्यांनी त्यात लपवले नाही. दोन्ही माणसे एकाच पानावर बसवली.

ही प्रस्तावना वाचायला फार वेळ लागत नाही. येत्या वर्षावासात मंचरला असो, घोडेगावला असो की जुन्नरला, पहिल्या संध्याकाळी ती आधी वाचावी. वाचायला एखादी शाळकरी मुलगी उभी करावी, आणि तिचा बाप समोरच्या सतरंजीवर बसलेला असावा.