बाहुलीघराला आभाळ मिळाले

बाहुलीघराच्या कलेत छपराला आणि बागेला मान मिळायला फार उशीर झाला. सतराव्या शतकातल्या नेदरलँड्समध्ये श्रीमंत घरच्या स्त्रिया अशी घरे बनवून घेत, ती खेळण्यासाठी नव्हे, तर संग्रह म्हणून. पेट्रोनेला ऊर्टमन यांचे घर आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आतली चिनी मातीची भांडी खरी, रेशीमही खरे. पण घर म्हणजे एक उंची कपाट. पेट्रोनेला दे ला कूर्ट यांच्या, आता उट्रेख्टमध्ये असलेल्या घरात बाग आहे, पण तीही कपाटाच्याच एका कप्प्यात. पाऊस पडेल अशी जागा या घरांत कुठेच नव्हती.

तिची चाहूल १९२४ साली लागली. नवी दिल्लीचे आजचे राष्ट्रपती भवन उभारणारे एडविन लटियन्स यांनी त्याच काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एकास बारा प्रमाणात, म्हणजे फुटाला इंच धरून, बाहुलीघर रचले. त्याची बाग आखली गर्ट्रूड जेकिल यांनी. इंग्लंडमधल्या कितीतरी मोठ्या बागा घडवणाऱ्या जेकिल तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. ही बाग घराच्या चौथऱ्यातल्या खणात आहे; खण ओढला की ती घरापुढे येते. बाग हा घराचाच भाग, हे इथे मान्य झाले.

पाचच वर्षांनी, १९२९ मध्ये, इंग्लंडमधल्याच बीकन्सफील्डला बेकनस्कॉट हे छोटेखानी गाव उघड्यावर उभे राहिले. प्रमाण साधारण तेच, पण झाडे जिवंत. प्रमाण लहान केले म्हणून झाडाचे पान लहान होत नाही. त्यासाठी बारीक पानांची, सावकाश वाढणारी रोपे निवडावी लागतात आणि कात्री सतत चालवावी लागते. शिकागोत नार्सिसा थॉर्न यांनी १९३०च्या दशकात करवून घेतलेल्या खोल्यांनी तिसरी गोष्ट दाखवली. तिथे खिडकीबाहेर बाग आणि उजेड दिसतो, आणि तेवढ्याने खोलीला सकाळ किंवा संध्याकाळ मिळते.

पुढे छोट्या आगगाड्यांच्या छंदातून साहित्य आले. वाळवलेले दगडफूल झुडपांसाठी, रंगवलेला भुसा मातीसाठी, आणि विद्युतभारामुळे उभे राहणारे नायलॉनचे तंतू गवतासाठी. छपराचे शास्त्र मात्र खऱ्या गवंड्याचेच राहिले. कौले वळचणीपासून आढ्याकडे लावत जायची, वरची ओळ खालचीवर चढवायची. सगळी एकाच रंगात बुडवायची नाहीत. एखादे नवे, एखादे काळवंडलेले हवे. शेवाळ ओल टिकते तिथेच दाखवायचे.

आपल्याकडे हे काम करणाऱ्याला कोकणातले घर खुणावते. बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे तिथले कौल पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोचले. आजचे प्रमाणित मंगळुरी कौल साधारण ४१० मिलिमीटर लांब. फुटाला इंच धरला तर ते सुमारे ३४ मिलिमीटरचे होते. पुठ्ठ्यातून किंवा मातीतून ते घडवता येते. त्याच्यासोबत पडवी, अंगण, तुळशीवृंदावन आणि चिऱ्याचा गडगा येतो. पागोळ्यांनी अंगणात पाडलेली खळ्यांची रांगही दाखवायला हवी, कारण छपराचे आणि जमिनीचे नाते तीच सांगते. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरलेल्या हातांना ही नजर नवी नाही.

घरातले सामान आपली हौस दाखवते; छप्पर आणि अंगण मात्र ते घर कुठल्या मातीत आणि कुठल्या पावसात उभे आहे ते सांगतात. म्हणून बाहुलीघर करायला घ्याल तेव्हा उरलेल्या पुठ्ठ्यात छप्पर उरकू नका. पाऊस कुठल्या बाजूने येतो आणि पाणी कुठे पडते, ते आधी ठरवा आणि मगच भिंती उभ्या करा.