राखीव जागा नेमकी कोणासाठी राखीव?

निवडणूक आली की नाशकात एक ठरलेला देखावा दिसतो. उमेदवार सकाळी काळारामाचे दर्शन घेतो, दुपारी बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो आणि संध्याकाळी विहारात येऊन मोठ्या आवाजात 'जय भीम' म्हणतो. गळ्यातले भगवे उपरणे मात्र तसेच असते. आमची पोरे त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढतात. विचारले तर म्हणतात, "आपल्याच समाजाचा माणूस आहे, वकीलसाहेब!"

मतदारसंघच राखीव म्हटल्यावर उमेदवार समाजाचाच असणार. पण तो बोलतो कोणाच्या वतीने, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो आज विचारला पाहिजे.

नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या 15 जागा आहेत. त्यांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली जागा एकच, देवळाली. सावरकरांचे जन्मगाव भगूर याच मतदारसंघात येते. 1990 पासून 2009 पर्यंत पाचही निवडणुका येथून शिवसेनेचे बबनराव घोलप जिंकले. 2014 मध्ये त्यांचे चिरंजीव योगेश घोलप जिंकले. म्हणजे 29 वर्षे या राखीव जागेवर हिंदुत्वाचा झेंडा होता. 2019 मध्ये राष्ट्रवादीच्या सरोज अहिरे यांनी तो उतरवला. 2024 मध्ये त्याच पुन्हा निवडून आल्या, पण तोपर्यंत त्यांचा पक्ष भाजपच्या पंगतीला बसला होता.

एक गोष्ट स्पष्ट करतो. घोलप चर्मकार समाजाचे म्हणून ही तक्रार नाही. चर्मकार, मातंग, ढोर हे सगळे आमचे भाऊच आहेत. त्यांना बाजूला सारून आंबेडकरी चळवळ उभी राहूच शकत नाही. एखादा आमदार रात्री-अपरात्री लोकांच्या मदतीला धावत असेल, तर तेही नाकारण्याचे कारण नाही. पाच वेळा निवडून येणारा माणूस लोकांत मिसळणारा असणारच. प्रश्न त्या माणसाचा नाही, त्याच्या हातातल्या झेंड्याचा आहे.

ज्या पक्षाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध केला, ज्या पक्षाने बाबासाहेबांच्या 'रिडल्स'वर काहूर माजवले, त्याच पक्षाच्या तिकिटावर राखीव जागेचा आमदार विधानसभेत बसला. 1995 मध्ये युतीचे सरकार आले तेव्हा घोलप समाजकल्याण मंत्री झाले. त्याच सरकारच्या राजवटीत 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला आणि 10 भीमसैनिकांचे बळी गेले. सरकारात समाजाचा मंत्री होता, पण समाजाच्या छातीवरच्या गोळ्या थांबल्या नाहीत.

असे का होते? याचे उत्तर पुणे करारात आहे. 24 सप्टेंबर 1932 च्या त्या कराराने 148 राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. बाबासाहेबांनी त्यातही एक कवच राखले होते. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी आपल्यातले चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून सर्वांनी एक निवडायचा. ही प्राथमिक निवडणूक जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी होती. स्वतंत्र भारतात राखीव जागा राहिल्या, ते कवच राहिले नाही. परिणाम काय झाला? 1952 मध्ये मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले आणि काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले.

आम्हा बौद्धांची कथा तर आणखी वेगळी. डॉ. डी. पी. मेश्राम 1962 मध्ये नागपूरच्या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो 1990 च्या दुरुस्तीने. 1956 पासून 34 वर्षे उघडपणे बौद्ध म्हणवणाऱ्याला राखीव जागेचे दार बंद होते. आणि ज्या वर्षी ते उघडले, त्याच वर्षी देवळालीत भगवा फडकला!

आज उमेदवार कोण ठरवतो? 2024 मध्ये अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी शिंदे यांच्या शिवसेनेचे एबी फॉर्म हेलिकॉप्टरने नाशकात आले. देवळालीचा फॉर्म त्यातच होता. एकेकाळी वस्तीतल्या मतदारांनी चार नावे निवडायची होती, आता नाव आकाशातून उतरते. निवडून आल्यावर दहावी अनुसूची आहेच. पक्षाने व्हिप काढला की त्याविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी धोक्यात. उद्या समाजाच्या मुळावर येणारे विधेयक आले, तर या आमदाराचा हात समाजाच्या इच्छेने वर जाईल की पक्षाच्या आदेशाने?

दोष फक्त त्यांचा नाही. आपणही गटागटांत वाटलो गेलो. शिवशक्ती-भीमशक्तीच्या नावाने 2011 मध्ये आपल्यातलेच नेते त्या मांडवात जाऊन बसले. मग वस्तीतल्या पोराला कोणत्या तोंडाने बोलायचे?

याच नाशकाने दुसरा मार्गही दाखवला आहे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे 3 मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना तो थांबवायला सांगितले आणि सगळी शक्ती राजकारणाकडे व शिक्षणाकडे वळवायला सांगितली. दादासाहेब 1937 मध्ये मुंबई विधानसभेत गेले, 1957 मध्ये शेड्युल्ड कास्ट फेडरेशनतर्फे नाशिकमधून लोकसभेत गेले. मंत्रिपद नव्हते, पण 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी उभे केले. प्रतिनिधी म्हणतात तो याला. ज्या मंदिराच्या दारातून बाबासाहेबांनी आम्हाला सत्तेकडे वळवले, त्याच दारात आजचा उमेदवार प्रचाराचा नारळ फोडतो!

म्हणून बांधवांनो आणि भगिनींनो, पुढच्या वेळी उमेदवार विहारात आला की त्याला चहा जरूर पाजा, पण फोटोआधी तीन प्रश्न विचारा. अनुसूचित जातींसाठी ठेवलेला निधी दुसरीकडे वळवला तर सभागृहात उभा राहशील का? ॲट्रॉसिटीची फिर्याद घ्यायला पोलीस टाळाटाळ करतील तेव्हा ठाण्यात आमच्यासोबत येशील का? आणि समाज एकीकडे व व्हिप दुसरीकडे असेल, तर राजीनामा देशील का? उत्तरे लिहून घ्या, तारीख घाला आणि विहाराच्या फलकावर लावा.

जागा संविधानाने राखली आहे. तिच्यावर बसणारा माणूस आपण राखायचा आहे.

जय भीम!