घरच्या जुन्या संगणकावर वेब सर्व्हर

वेब सर्व्हर म्हटलं की मोठी एसी खोली डोळ्यासमोर येते. खरं तर सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान काढून देणारा प्रोग्राम. माळ्यावर पडलेला जुना संगणकही हे काम आरामात करतो.

त्यावर डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली टाका. (आधी जुन्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर पुसल्या जातील.) मग 'एपीटी' वापरून 'अपाची' इन्स्टॉल करा. हा सर्व्हर 1995 पासून वापरात आहे. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' टाइप केलं आणि स्वागताचं पान दिसलं, की झालं!

मोबाइलवरून उघडताना मात्र बरेच जण अडकतात. लोकलहोस्ट, म्हणजेच 127.0.0.1, याचा अर्थ 'मी स्वतः'. मोबाइलवर तोच पत्ता टाकला तर मोबाइल स्वतःकडेच पान मागतो, मिळणार कुठून? इथे संगणकाचा घरातला पत्ता हवा, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. राउटर तो अधूनमधून बदलतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये राखून ठेवा. मग इंटरनेट गेलं तरी वाय-फायवर मुलांचे स्वाध्याय उघडतात. खेड्यात याचं मोल वेगळं सांगायला नको.

राउटरचं 80 नंबरचं पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडायची घाई करू नका. ज्या फोल्डरमध्ये 'इंडेक्स' पान नसेल, त्यातल्या सगळ्या फाइल्सची यादीच अपाची समोर ठेवतो. मुलांचे फोटो, गुणपत्रकं, पालकांचे नंबर त्या फोल्डरमध्ये ठेवूच नयेत.