इंदुरातील प्रकाशवर्तुळे

इंदुरास गेलेला मराठी माणूस राजवाडा पाहतो, सराफ्यात रात्री जागून भुट्ट्याच्या किसावर ताव मारतो आणि परततो; परंतु त्याच नगरीत, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत नांदत आहेत, ही वार्ता क्वचितच त्याच्या कानी असते.

या प्रकाशाचे प्रथम दर्शन १९४७ साली अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत घडले. इलेक्ट्रॉनांना वर्तुळात फिरवून वेग देणाऱ्या तेथील सिंक्रोट्रॉन यंत्रात ठिणग्या तर उडत नाहीत ना, याची खातरजमा करण्यासाठी एका तंत्रज्ञाने काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा पुढे केला, तो पारदर्शक काचनळीत निळसर-शुभ्र तेज लखलखत होते. ऊर्जा उतरवली की ते पिवळे, पुढे तांबूस होई. वळण घेताना इलेक्ट्रॉन जी ऊर्जा उधळतो, तिचेच हे रूप. यंत्रज्ञांच्या जमाखर्चात ती निव्वळ तूट होती. माझ्या मते, इतकी किफायतशीर तूट विज्ञानाच्या दफ्तरी विरळाच!

इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर, ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. निर्वात नळीतून इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या घालतात आणि चुंबकांनी वळवले जाताना प्रखर क्ष-किरण स्पर्शरेषेने बाहेर टाकतात.

अशाच किरणांनी २००५ साली स्टॅनफर्ड येथे एका जीर्ण चर्मपत्राची तपासणी झाली. मूळ लेखन खरवडून त्यावर तेराव्या शतकात प्रार्थना लिहिल्या होत्या, काही पानांवर तर पुढे बनावट चित्रेही रंगवली होती. तरीही जुन्या शाईतील लोह किरणांखाली झळकले आणि आर्किमिडीजची अक्षरे पुन्हा वाचता आली.