तरुण मंडळी टिकतात कशाने?

नाटकाच्या तालमीचा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पहिल्या दिवशी तीस मुले येतात, पंधरवड्यात अठरा उरतात, आणि परीक्षा जवळ आली की दहा. मग आम्ही वडीलधारे म्हणतो, ‘हल्लीच्या पोरांना चिकाटीच नाही.’ हा निवाडा फार सोपा आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

पुण्यात १९६३ सालापासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होत आली आहे. त्या दिवसांत हीच पोरे रात्र रात्र जागतात, नेपथ्याच्या फळ्या स्वतः वाहतात. तेव्हा चिकाटी असते. मात्र स्पर्धेला तारीख असते. ती उलटली की मेळा पांगतो. स्पर्धा मुलांना रंगभूमीच्या उंबरठ्यापर्यंत आणते. घरात राहायला आणखी काही लागते.

ते काय, हे ‘घाशीराम कोतवाल’च्या उदाहरणावरून उमगते. तेंडुलकरांचे हे नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम रंगमंचावर आणले. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणविसांच्या भूमिकेतले मोहन आगाशे, दोघेही डॉक्टर. नाटक हे त्यांचे पोट भरण्याचे साधन नव्हते. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा या तरुणांनी १९७३ साली थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन केली, १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू केले आणि १९८० साली ते नाटक युरोपात नेले.

वादाच्या ईर्षेने माणसे एकत्र येतात हे खरे. पण ईर्षा वर्षानुवर्षे पुरत नाही. मला उत्तर दिसते ते त्या नाटकातल्या माणसांच्या भिंतीत. रांगेत उभे राहिलेले ब्राह्मण गातात, डोलतात, पाठ फिरवून पडदा होतात. त्यांतील बहुतेकांना नाव नाही; परंतु एक जण गैरहजर राहिला तर भिंतीला खिंडार पडते आणि ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसते. आपल्यावाचून अडते, ही जाणीव टाळ्यांपेक्षा अधिक काळ टिकते.

एक कबुली देतो. मी बसवलेल्या एका नाटकात एक मुलगी तीन महिने न चुकता येत होती. ‘तुला पुढे काम देऊ,’ असे मी म्हणत राहिलो. एके दिवशी ती यायची थांबली, आणि चार दिवस कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. चिकाटी तिची कमी पडली की माझी?

म्हणून नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात असे काम द्यावे की जे न झाल्यास तालीम अडेल: संहितेवर बसून संवाद सांगणे, वस्तूंची यादी सांभाळणे, ढोलकीची साथ करणे. तालमीच्या वेळा महिनाभर आधी कळवाव्यात आणि परीक्षेची सुट्टी मोकळ्या मनाने द्यावी. नोकरीसाठी कोणी परगावी जाणारच. त्याने आपले काम दुसऱ्याला शिकवून जावे, आणि परतल्यावर त्याला दार उघडे असावे.

पुढच्या तालमीला जाल तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या मुलाला विचारा, ‘उद्या तू आला नाहीस तर काय अडेल?’ ‘काही नाही,’ असे उत्तर आले, तर त्याला बोल लावू नका. त्याच संध्याकाळी त्याच्या हाती काम द्या.